छोट्या महाविद्यालयातील माजी खेळाडू व प्रशिक्षकांचा गौरव : सत्कारापासून नोंदीपर्यंत

सारांश :
महाविद्यालयाच्या माजी खेळाडूंचा व प्रशिक्षकांचा गौरव हा बहुधा वार्षिक पारितोषिक वितरणातील किंवा माजी विद्यार्थी मेळाव्यातील एक उपचार मानला जातो. हा गौरव मुळात संस्थेने ठेवावयाच्या नोंदीचा विषय आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी दोन उदाहरणांचा आधार घेतला आहे. पहिले कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी व ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचे, तर दुसरे अमेरिकेतील इमॅक्युलाटा महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे आहे. लेखाच्या उत्तरार्धात मर्यादित साधने असलेल्या महाविद्यालयाला झेपेल अशा कार्यपद्धतीचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : माजी खेळाडू, क्रीडा प्रशिक्षक, महाविद्यालयीन क्रीडा, गौरव, संस्थात्मक नोंद, खाशाबा जाधव, इमॅक्युलाटा.

१. प्रस्तावना

बहुतेक महाविद्यालयांत प्राचार्यांच्या दालनाबाहेर किंवा जिमखाना विभागात काचेचे एक कपाट असते. त्यात ढाली, करंडक आणि स्मृतिचिन्हे मांडलेली असतात. त्यांवरील पट्टीवर स्पर्धेचे नाव, वर्ष आणि 'विजेता संघ' किंवा 'उपविजेता संघ' एवढे शब्द कोरलेले असतात. तो संघ कोणाकोणाचा होता, कर्णधार कोण होता, संघ कोणी घडवला, याची माहिती त्या पट्टीवर नसते. ती त्या वेळच्या शारीरिक शिक्षण संचालकांच्या स्मरणात असते आणि ते सेवानिवृत्त झाले की त्यांच्याबरोबर निघून जाते. करंडक 'डेड स्टॉक' नोंदवहीत क्रमांकासह सुरक्षित राहतो. ज्यांनी तो जिंकला ती माणसे मात्र कोणत्याच नोंदवहीत सापडत नाहीत.

मोठ्या विद्यापीठांची किंवा महानगरांतील नामवंत महाविद्यालयांची स्थिती थोडी निराळी असते. वृत्तपत्रे, क्रीडा संघटना आणि चरित्रकार त्यांच्या खेळाडूंची दखल घेतात. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाचा खो-खो संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकतो, तेव्हा त्याची नोंद महाविद्यालयाने स्वतः ठेवली तरच ती राहते. माजी खेळाडू व प्रशिक्षकांच्या गौरवाचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

२. सत्कार, पुरस्कार आणि नोंद

गौरव या शब्दात तीन भिन्न कृती एकत्र आल्या आहेत. पहिली सत्काराची. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि चार गौरवपर शब्द यांनी ती पूर्ण होते. तिचे मोल त्या क्षणापुरते असले तरी ते नाकारण्याचे कारण नाही. दुसरी पुरस्काराची. तीत निकष, निवड आणि तुलना येते. तिसरी कृती नोंदीची होय. कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या साहाय्याने काय केले, हे संस्थेने आपल्या नावाने लिहून ठेवणे म्हणजे नोंद. पहिल्या दोन कृती तिसरीवर अवलंबून असतात, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. नोंद नसेल तर सत्कार कोणाचा करावयाचा, हे त्या वर्षीच्या संयोजन समितीच्या ओळखीपाळखीवर ठरते आणि पुरस्काराच्या निवडीला आधारच उरत नाही.

महाराष्ट्राच्या तालीम परंपरेत हा विचार पूर्वीपासून आहे. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाची ओळख त्याच्या एकट्याच्या नावाने पुरी होत नाही. तो कोणत्या गावचा, कोणत्या तालमीचा आणि कोणत्या वस्तादांचा पठ्ठा, हे पुकारले जाते. कुस्ती जिंकल्यावर फेटा पैलवानाच्या डोक्यावर चढतो, तरी मान वस्तादांनाही मिळतो. खेळाडूबरोबर प्रशिक्षकाचे नाव उच्चारण्याची ही रीत तोंडी असली तरी ती एका अर्थाने नोंदच आहे. आधुनिक शिक्षणसंस्थेने क्रीडा विभाग स्थापन केला, मैदाने आखली, स्पर्धा भरवल्या. परंतु वस्तादाचे नाव पुकारण्याची ही रीत तिच्या दप्तरात उतरली नाही.

३. राजाराम महाविद्यालय आणि खाशाबा जाधव

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी खाशाबा दादासाहेब जाधव यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. घरात कुस्तीचे वातावरण होते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १८८० मध्ये स्थापन झालेल्या आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखा विद्यार्थी लाभलेल्या या महाविद्यालयाला लहान म्हणता येणार नाही. तथापि ऑलिंपिकसारख्या स्पर्धेसाठी खेळाडू पाठवण्याच्या दृष्टीने त्याची साधने आजच्या एखाद्या छोट्या महाविद्यालयाहून अधिक नव्हती, हे पुढील घटनांवरून दिसून येते.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास खाशाबा गेले, तेव्हा त्यांची लहानखुरी शरीरयष्टी पाहून त्यांना प्रथम नकार मिळाला आणि पुढे प्राचार्यांच्या परवानगीने त्यांना उतरता आले, असा प्रसंग त्यांच्याविषयीच्या लेखनात सांगितला जातो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. लाल मातीत घडलेल्या मल्लाला गादीवरील कुस्तीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नसताना मिळवलेले हे स्थान होते. त्या वेळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे आर्थिक साहाय्य लाभले होते.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र पैशाचा प्रश्न बिकट झाला. गावकऱ्यांकडून, परिचितांकडून वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे लिअँडर पेस यांच्या अटलांटा येथील कांस्यपदकापर्यंत, ४४ वर्षे थांबावे लागले. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक २०२४ मध्ये मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे याने पॅरिस येथे ते मिळवले.

हेलसिंकीहून परतलेल्या खाशाबांचे कऱ्हाड परिसरात अपूर्व स्वागत झाले. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्काराच्या अंगाने पाहिले तर याहून मोठा सत्कार कल्पिता येत नाही. पुढे काय झाले, हे मात्र अधिक विचार करावयास लावणारे आहे. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. दीर्घकाळ पदोन्नतीविना सेवा केल्यानंतर १९८३ मध्ये ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जात होता. खाशाबांना तो २००० या वर्षासाठी, मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या प्रेक्षागृहाला त्यांचे नाव २०१० मध्ये देण्यात आले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून २०२४ पासून साजरा होऊ लागला.

मिरवणूक १९५२ ची आणि अर्जुन पुरस्कार २००० चा. या दोहोंमधील ४८ वर्षांच्या काळात खाशाबा ३२ वर्षे हयात होते. लोकांच्या मनात आदर नव्हता असे नाही. परंतु तो आदर कायम करणारी संस्थात्मक व्यवस्था नव्हती. उत्साहाने केलेला सत्कार आणि व्यवस्थेने ठेवलेली नोंद यांतील अंतर या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

४. पदकामागील माणसे

खाशाबांच्या चरित्रातील आणखी एक घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हेलसिंकीहून परतल्यावर त्यांनी कुस्त्या लढून मिळवलेले पैसे प्राचार्य खर्डेकर यांना दिले आणि त्यांचे घर सोडवले. म्हणजे या प्रकरणातील गौरवाची पहिली ठोस कृती शासनाने किंवा क्रीडा संघटनेने केलेली नव्हती. ती एका विद्यार्थ्याने आपल्या प्राचार्यांसाठी केली होती. पदक आपल्या एकट्याचे नाही, ही जाणीव खेळाडूला होती. तीच जाणीव संस्थेच्या दप्तरात उतरणे हे गौरवाचे खरे प्रयोजन होय.

हेलसिंकीचे पदक कोणाचे, हे सांगण्यासाठी महाविद्यालयाची गरज नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अभिलेखात ते कायमचे नोंदलेले आहे. गहाण ठेवलेले घर मात्र तेथे नाही. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी दिलेले कुस्तीचे धडेही तेथे नाहीत. बेलापुरी गुरुजींचा उल्लेख तर बहुतेक लेखनात एवढ्याच नावाने येतो. ज्या प्राचार्यांनी घर पणाला लावले, त्यांचे आडनाव इंग्रजी लेखनात अनेकदा 'खर्डीकर' असे छापले जाते आणि ते वाचून मराठीतही तसेच उतरते. मूळ कागद समोर नसला की एका पिढीत नाव बदलते, पुढच्या पिढीत प्रसंग बदलतो आणि त्यानंतर केवळ दंतकथा उरते.

बॅरिस्टर खर्डेकर यांचे नाव आज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे. शिक्षणतज्ज्ञ म्हणून त्यांचा तो उचित गौरव आहे. तथापि ग्रंथालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना हे नाव आणि हेलसिंकीचे पदक यांतील संबंध ठाऊक असेल, हा प्रश्न उरतोच. वास्तूला नाव देणे हा गौरवाचा एक प्रकार झाला. त्या नावामागची हकीकत सांगणारा मजकूर जोडला तरच तो पूर्ण होतो.

प्रशिक्षकांच्या बाबतीत विस्मरणाचा हा दोष राष्ट्रीय पातळीवरही दिसतो. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार त्यानंतर २४ वर्षांनी, १९८५ मध्ये सुरू झाला. निवृत्त खेळाडूंच्या आयुष्यभराच्या योगदानासाठी ध्यानचंद पुरस्कार तर २००२ मध्ये आला. खेळाडू आधी दिसतो, प्रशिक्षक नंतर, आणि ज्याची कारकीर्द संपली तो सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. महाविद्यालयांतील परिस्थितीही बहुधा याच क्रमाने जाते.

५. इमॅक्युलाटा महाविद्यालयाचा संघ

खाशाबांचे उदाहरण एका खेळाडूचे आणि वैयक्तिक खेळाचे आहे. सांघिक खेळात, विशेषतः मुलींच्या संघाच्या बाबतीत, हा प्रश्न कसा उभा राहतो हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एका खरोखरच छोट्या महाविद्यालयाचे उदाहरण उपयुक्त ठरते. त्या देशात महाविद्यालयांनी आपल्या माजी खेळाडू व प्रशिक्षकांची गौरवदालने ठेवण्याची प्रथा रूढ असल्याने नोंद आणि गौरव यांचा संबंध तेथे अधिक स्पष्टपणे तपासता येतो.

पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाजवळ ख्रिस्ती भगिनींनी १९२० मध्ये स्थापन केलेले इमॅक्युलाटा हे त्या काळी केवळ मुलींचे महाविद्यालय होते. १९६७ मध्ये तेथील क्रीडागृह आगीत नष्ट झाले होते. १९७० मध्ये कॅथी रश या तरुण प्रशिक्षिकेने बास्केटबॉल संघाची सूत्रे घेतली, तेव्हा संघाला हक्काचे क्रीडागृह नव्हते आणि तिचे वर्षाचे मानधन ४५० डॉलर होते. १९७२ मध्ये महाविद्यालयीन महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 'ए.आय.ए.डब्ल्यू.' या संघटनेने इलिनॉय राज्यात भरवली. प्रवासखर्चासाठी मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकून पैसे जमवले. तरीही पैसे अपुरे पडल्याने आठच खेळाडूंना जाता आले. काही दिवसांपूर्वीच वेस्ट चेस्टर या संघाने इमॅक्युलाटाला ३२ गुणांनी हरवले होते. राष्ट्रीय अंतिम सामन्यात तोच संघ समोर आला आणि इमॅक्युलाटाने तो सामना ५२–४८ असा जिंकला. १९७३ व १९७४ मध्येही विजेतेपद याच महाविद्यालयाकडे राहिले. फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचा पहिला सामना झाला, तो इमॅक्युलाटा आणि क्वीन्स महाविद्यालय यांच्यात. त्याला सुमारे १२ हजार प्रेक्षक उपस्थित होते.

हे वैभव फार काळ टिकले नाही. १९७२ मध्येच अमेरिकेत शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणारा कायदा झाला. त्यानंतर मोठ्या विद्यापीठांनी महिलांच्या खेळांसाठी पैसा, शिष्यवृत्त्या आणि मैदाने उपलब्ध करून दिली. छोट्या महाविद्यालयांना त्या स्पर्धेत टिकणे अवघड झाले. पुढे 'एन.सी.ए.ए.' या मोठ्या संघटनेने १९८२ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा स्वतः घेण्यास सुरुवात केली आणि 'ए.आय.ए.डब्ल्यू.' लवकरच विसर्जित झाली. जिने ती विजेतेपदे दिली ती संघटनाच उरली नाही; नव्या संघटनेच्या विजेत्यांची यादी १९८२ पासून सुरू झाली. अशा वेळी त्या मुलींची कामगिरी जपण्याचा भार मुख्यतः त्यांच्या महाविद्यालयावर, संघसहकाऱ्यांवर आणि त्या खेळाच्या जाणकारांवर आला.

स्मरण जागे राहिल्यामुळे पुढील गौरव शक्य झाला. कॅथी रश यांचा समावेश २००८ मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल गौरवदालनात झाला. २०१४ मध्ये १९७२ ते १९७४ चा संपूर्ण संघ, संघ म्हणूनच, तेथे समाविष्ट करण्यात आला. २०२२ मध्ये त्या संघातील थेरेसा शँक-ग्रेंट्झ आणि मेरिॲन स्टॅन्ली यांचा स्वतंत्रपणे समावेश झाला. पहिल्या विजेतेपदानंतर तोपर्यंत ५० वर्षे लोटली होती.

या उदाहरणातून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, स्पर्धा घेणारी संघटना कायम राहीलच असे नसते. म्हणून संस्थेची स्वतःची नोंद अनिवार्य ठरते. दुसरी, संघाचा गौरव संघ म्हणून करता येतो. त्यासाठी एका तारांकित खेळाडूची निवड करून इतरांना बाजूला सारावे लागत नाही. तिसरी गोष्ट नावांची. मेरिॲन स्टॅन्ली खेळत असताना मेरिॲन क्रॉफर्ड होत्या आणि थेरेसा ग्रेंट्झ या थेरेसा शँक. विवाहानंतर आडनाव बदललेल्या खेळाडूचा माग जुन्या यादीवरून लागत नाही. आपल्याकडे आडनावाबरोबर वडिलांच्या नावाची जागा पतीचे नाव घेते आणि कित्येकदा पहिले नावही बदलते. त्यामुळे महाविद्यालयातील माजी महिला खेळाडू सत्काराच्या यादीतून गळतात. योग्यता असूनही त्या संपर्काच्या बाहेर राहतात.

६. छोट्या महाविद्यालयाच्या अडचणी

वरील दोन्ही उदाहरणांतील संस्थांना अखेर राष्ट्रीय कीर्ती लाभली. ज्या महाविद्यालयाचा खेळाडू विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचला आणि पुढे शेती, नोकरी वा संसारात रमला, त्याच्या बाबतीत बाहेरून कोणी विचारणा करण्याचीही शक्यता नसते. तेथे अडचणी अधिक आहेत.

पहिली अडचण मनुष्यबळाची. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद बहुधा एकच असते. ते रिक्त झाले की कार्यभार अन्य विषयाच्या प्राध्यापकाकडे किंवा तासिका तत्त्वावरील शिक्षकाकडे जातो. मैदानावर प्रत्यक्ष घाम गाळणारा प्रशिक्षक तर अनेकदा स्थानिक क्रीडा मंडळाचा ज्येष्ठ खेळाडू असतो. तो मानधनावर किंवा मानधनाविना येतो. महाविद्यालयाच्या हजेरीपत्रकावर त्याचे नाव नसल्याने संस्थेच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो.

दुसरी अडचण कागदपत्रांच्या स्वरूपाची आहे. नॅकच्या सात निकषांच्या चौकटीमुळे महाविद्यालयांत माहिती संकलनाची शिस्त आली, हे मान्य करावयास हवे. पाचव्या निकषात विद्यार्थ्यांचे क्रीडा क्षेत्रातील यश आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग या दोन्हींना स्थान मिळाले. परंतु स्वयंमूल्यमापन अहवालासाठी मागितली गेलेली माहिती मुख्यतः मागील पाच वर्षांची होती. त्यामुळे धारिका पाच वर्षांपुरत्या चोख राहिल्या. त्यापूर्वीचे कागद गठ्ठ्यांत बांधून अडगळीत गेले. मूल्यांकनाला पाच वर्षांचा काळ पुरतो, गौरवाला ५० वर्षांचा लागतो.

तिसरी अडचण निवडीतील निष्पक्षतेची आहे. गौरवार्थी निवडताना देणगी देण्याची क्षमता, सामाजिक प्रतिष्ठा किंवा संस्थाचालकांशी असलेले संबंध यांचा प्रभाव पडू शकतो. कबड्डीचा गुणी चढाईपटू आज माथाडी कामगार असेल आणि त्याच संघातील राखीव खेळाडू नामांकित उद्योजक असेल, तर व्यासपीठावर कोण बसतो, यावरून त्या गौरवाची विश्वासार्हता ठरते. निवड चुकली तर त्या दिवशी सभागृहात मागच्या रांगेत बसलेला जुना संघसहकारी ते तत्काळ ओळखतो.

७. कार्यपद्धतीची रूपरेषा

या अडचणी लक्षात घेता मोठ्या खर्चाशिवाय राबवता येईल अशी कार्यपद्धती पुढीलप्रमाणे आखता येते.

(अ) क्रीडा नोंदवही : स्थापना वर्षापासूनच्या वार्षिकांकांतील जिमखाना अहवाल, छायाचित्रे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे प्रवेश व पात्रता अर्ज, विद्यापीठ संघात निवड झालेल्यांच्या याद्या आणि प्रमाणपत्रांच्या प्रती यांवरून वर्षनिहाय नोंदवही तयार करावी. प्रत्येक संघाची पूर्ण नावे, कर्णधार, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक असे रकाने असावेत. महिला खेळाडूंसाठी प्रवेशाच्या वेळचे व सध्याचे अशी दोन्ही नावे लिहावीत. प्रत्येक माहितीपुढे तिचा आधार नमूद करावा. केवळ आठवणीवर आधारलेली माहिती तशी खूण करून वेगळी ठेवावी.

(आ) मौखिक कथन : सेवानिवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, जुने खेळाडू आणि मैदान आखणारे सेवक यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम इतिहास आणि मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपासून प्रारंभ करणे श्रेयस्कर. कारण इतर कामांना विलंब चालतो, या कामाला चालत नाही.

(इ) निवड समिती : शारीरिक शिक्षण संचालक, दोन ज्येष्ठ प्राध्यापक, भिन्न कालखंडांतील दोन माजी खेळाडू आणि महाविद्यालयाबाहेरील एक क्रीडातज्ज्ञ अशी समिती असावी. तीत किमान एक महिला खेळाडू असावी. निकष लेखी व जाहीर असावेत आणि देणगीचा विषय या समितीच्या कक्षेबाहेर ठेवावा.

(ई) गौरवाचे वर्ग : खेळाडू, प्रशिक्षक, संपूर्ण संघ आणि क्रीडा साहाय्यक असे चार वर्ग करावेत. खेळाडूचा गौरव करताना त्याच्या प्रशिक्षकाचे नाव मानपत्रात व फलकावर अनिवार्यपणे असावे. बाहेरून येणाऱ्या विनामानधन प्रशिक्षकांचाही दुसऱ्या वर्गात समावेश करावा.

(उ) हयातीतील गौरवास अग्रक्रम : दरवर्षीच्या निवडीत वयाने ज्येष्ठ असलेल्यांचा विचार प्रथम व्हावा. मरणोत्तर गौरवासाठी स्वतंत्र जागा असावी. परंतु तिच्यामुळे हयात असलेल्याची पाळी पुढे ढकलली जाऊ नये.

(ऊ) फलक आणि मजकूर : नामफलकावर नाव व वर्ष यांसोबत दोन-तीन वाक्यांत कामगिरी लिहावी. तोच मजकूर विस्ताराने वार्षिकांकात छापावा. करंडकाच्या कपाटात प्रत्येक करंडकाशेजारी विजेत्या संघाची यादी ठेवावी. यास लागणारा खर्च एका स्मृतिचिन्हाइतकाही नसतो.

या कार्यपद्धतीवर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. विद्यमान खेळाडूंना बूट, आहार आणि प्रवासखर्च पुरेसा मिळत नसताना माजी खेळाडूंवर श्रम का वेचावेत, हा तो आक्षेप होय. तो रास्त आहे आणि म्हणूनच समारंभाचा खर्च मर्यादित ठेवणे आवश्यक ठरते. तथापि नोंद आणि विद्यमान खेळाडूंचे हित परस्परविरोधी नाहीत. आपल्या तालुक्यातील, आपल्याच मैदानावर सराव केलेली मुलगी विद्यापीठाच्या संघात खेळली होती, हे फलकावर वाचणाऱ्या विद्यार्थिनीला आणि तिच्या पालकांना जे सांगता येते, ते कोणत्याही उद्बोधनपर व्याख्यानाने सांगता येत नाही. शिवाय ज्यांचा माग लागला ते माजी खेळाडूच पुढे नव्या संघाचे मार्गदर्शक आणि साहाय्यकर्ते होण्याची शक्यता सर्वाधिक असते. खाशाबांनी प्राचार्यांचे घर सोडवले, ते त्यांना आपला आधार कोण होता हे ठाऊक होते म्हणून. संस्थेलाही आपला आधार कोण होता, हे ठाऊक असावयास हवे.

८. निष्कर्ष

१. माजी खेळाडू व प्रशिक्षकांचा गौरव ही प्रथमतः नोंदीची व नंतर समारंभाची बाब आहे. नोंदीवाचून केलेला गौरव ओळखीवर अवलंबून राहतो.

२. पदके व विजेतेपदे यांची नोंद अन्य संस्था ठेवू शकतात. प्रशिक्षक, प्राचार्य, सहकारी व साहाय्यक यांचा वाटा केवळ महाविद्यालयच नोंदवू शकते. तीच त्याची विशेष जबाबदारी होय.

३. स्पर्धा घेणाऱ्या संघटना बदलतात वा विसर्जित होतात, हे इमॅक्युलाटाच्या उदाहरणावरून दिसून येते. त्यामुळे बाह्य अभिलेखांवर विसंबून राहणे योग्य नाही.

४. महिला खेळाडूंची दोन्ही नावे नोंदवणे, संघाचा संघ म्हणून गौरव करणे आणि मानधनाविना काम करणाऱ्या प्रशिक्षकांना स्थान देणे, या तीन बाबींमुळे गौरवाची प्रक्रिया अधिक न्याय्य होऊ शकते.

५. या कामास मोठा निधी लागत नाही. जिमखाना, ग्रंथालय, इतिहास व भाषा विभाग यांनी एकत्रितपणे एका शैक्षणिक वर्षात नोंदवहीचा प्रारंभ करणे शक्य आहे.

खाशाबा जाधव यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा तो स्वीकारण्यास ते नव्हते. राष्ट्रीय पातळीवरील तो विलंब महाविद्यालयांच्या हातात नव्हता. आपल्या दप्तरातील विलंब मात्र त्यांच्या हातात आहे. ज्या प्रशिक्षकाने २५ वर्षे पहाटे मैदान उघडले, तो आज गावातच असेल, तर त्याचे नाव या वर्षीच्या नोंदवहीत लिहिणे हे कोणत्याही महाविद्यालयाला सहज करता येण्यासारखे आहे.